किती पळते, किती देते, किती दमवते? मिड-साइज स्पोर्ट टूररची पन्नास वर्षं

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घाईत निसटलेले आकडे इथे नीट दिलेत. हेडफोन घरी विसरला असाल तर वाचा.)



आजचा भाग बाईकवर आहे आणि तो सुरू होतो उसाच्या ट्रॉलीपासून.

नोव्हेंबरमधला शुक्रवार. ऑफिस सुटल्यावर हिंजवडीहून निघालो, कोल्हापूरला घरी जायचं होतं. महिन्यातून दोनदा तरी ही फेरी असते. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि मी ते माझ्या जुन्या सिंगल सिलिंडर बाईकवरून गेली पाच वर्षं करतोय. रात्रीचे अकरा वाजले असतील. कराड मागे गेलं, कासेगाव गेलं. आणि मग मला पुढचं थोडं आठवतच नाही. झोप नव्हती लागली. डोळे उघडे होते, वेग ताशी ऐंशी-पंच्याऐंशी होता, पण डोकं तिथं नव्हतं. भानावर आलो तेव्हा समोर उसाची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वीस-पंचवीस मीटरवर नुसता काळा डोंगर. कसाबसा डावीकडून निघालो. उसाचं एक वाढं हेल्मेटला घासून गेलं, तो आवाज अजून कानात आहे.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो. चहावाल्या काकांनी ग्लास हातात दिला आणि म्हणाले, "पावणं, हात लई थरथराय लागलाय. बसा की वाईच."

हात भीतीने थरथरत होता हे खरं. पण खरं सांगायचं तर तो दर फेरीला थरथरायचाच. चार तासांचं व्हायब्रेशन, छातीवर वारा, आखडलेली मान. मी ते कधी मोजलंच नव्हतं.

आपल्याकडे बाईक घेताना दोनच प्रश्न असतात. पोरं विचारतात, "किती पळते?" घरातली मोठी माणसं विचारतात, "किती देते?" त्या रात्री मला तिसरा प्रश्न सापडला. ती किती दमवते?

मी इंजिनिअर माणूस. घरी पोचल्यावर स्प्रेडशीट उघडली, अपग्रेडसाठी बाईक्सची यादी केली. सीसी, अश्वशक्ती, वजन, किंमत असे कॉलम. आणि त्यातच एक शब्द सारखा येत होता, "स्पोर्ट टूरर". हा प्रकार आला कुठून, हे शोधायला बसलो आणि दोन आठवडे त्यातच गेले. कारण या बाईकचा सगळा इतिहास माझ्या तिसऱ्या प्रश्नाचाच इतिहास निघाला.

वारा नावाची भिंत

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 80 वरून 120 वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण छातीवरचा दाब सव्वादोनपट होतो. आणि तो दाब कापायला इंजिनाला लागणारी ताकद सुमारे 3.4 पट होते.

इंजिनाला ताकद वाढवून मिळते. माणसाला मिळत नाही.

ही गोष्ट रेसिंगवाल्यांना लवकर कळली होती. इटलीतल्या मोटो गुझ्झी कंपनीने पन्नासच्या दशकात आपल्या कारखान्यात स्वतःचा विंड टनेल बांधला होता. त्या काळातल्या रेसिंग बाईक्सवर अख्खं पुढचं चाक झाकणारी आवरणं असायची. आपण आज ज्याला फेअरिंग म्हणतो त्याचे हे पूर्वज. आडवा वारा आला की ती बाईकला पतंगासारखी ओढायची. शेवटी 1958 पासून रेसिंगमध्ये पुढचं चाक झाकण्यावर बंदी आली.

रस्त्यावरच्या बाईकला मात्र यातलं फारसं काही मिळालं नाही. 1948 ची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो घ्या. 998 सीसी, ताशी 200 किलोमीटरच्या आसपास पळणारी, त्या काळातलं आश्चर्य. पण समोर काचेचा तुकडाही नाही. ब्रिटनमधली पोरं हँडल खाली करून, टाकीवर आडवं होऊन वाऱ्यातून वाट काढायची. कॅफे रेसर हा प्रकार असाच जन्मला. एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत ते ठीक आहे. पाचशे किलोमीटर करून बघा.

1969 मध्ये होंडाची सीबी 750 आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबून स्टार्ट, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात. आता कुणीही दुकानात जाऊन ताशी 190 च्या वर जाणारी मशीन घेऊ शकत होता. इंजिनाचा प्रश्न सुटला, आणि लगेच पुढची अडचण दिसली. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर फास्ट केला तेव्हा कळलं की बॉटलनेक भलतीकडेच आहे. तो सीटवर बसला होता.

एकच वर्ष, दोन देश, दोन बाईक

आता गोष्ट येते 1973-74 वर. तेलसंकट. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि सगळ्या जगाने वेगाकडे वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली.

अमेरिकेने जानेवारी 1974 मध्ये कायदा केला, देशभर कमाल वेग ताशी 55 मैल. म्हणजे साधारण 88 किलोमीटर. पश्चिम जर्मनीने त्या हिवाळ्यात काही महिने ऑटोबानवर ताशी 100 ची मर्यादा लावली, पण ती टिकली नाही. त्याऐवजी 1974 पासून ताशी 130 हा नुसता "शिफारस केलेला" वेग राहिला. मोठ्या पट्ट्यांवर सक्ती नाही.

आता या दोन देशांतून बाईक कशा निघाल्या बघा.

अमेरिकेसाठी होंडाने गोल्ड विंग आणली, 1975 ची जीएल 1000. चार सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. गंमत म्हणजे तिला फेअरिंग नव्हतंच. ते लोकांनीच बसवलं. क्रेग व्हेटर नावाच्या अमेरिकन डिझायनरने विंडजॅमर नावाचं फेअरिंग काढलं होतं, कुठल्याही मोठ्या बाईकवर बसेल असं, आणि ते धडाधड खपत होतं. शेवटी 1980 मध्ये होंडाने इंटरस्टेट नावाचं मॉडेल काढलं, त्यात फेअरिंग आणि बॅगा कारखान्यातूनच. वेग 88 वर बांधलेला असताना लोक पैसे कशावर खर्च करत होते? सीटवर, वारा अडवण्यावर, सामानावर.

जर्मनीत बीएमडब्ल्यूने 1973 च्या शेवटी आर 90 एस आणली. 898 सीसीचं बॉक्सर इंजिन, ताशी 200 चा वेग आणि हेडलाइटभोवती छोटंसं फेअरिंग. डिझायनर होता हान्स मुथ. (पुढे सुझुकीच्या पहिल्या कटानाच्या डिझाइनमध्येही याचाच हात.) या बाईकने 1976 मध्ये डेटोनाची सुपरबाईक शर्यत जिंकली. पण त्याच वर्षी मुथचंच डिझाइन असलेली आर 100 आरएस आली, ती इतिहासासाठी जास्त महत्त्वाची. तिचं अख्खं फेअरिंग पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये घासूनपुसून तयार केलेलं होतं. कंपनीनेच पूर्ण फेअरिंग बसवून मोठ्या संख्येने विकलेल्या पहिल्या बाईक्सपैकी ही एक. इंजिन 980 सीसी, ताकद फक्त 70 अश्वशक्ती.

हा 70 चा आकडा लक्षात ठेवा. आपण परत तिथेच येणार आहोत.

आर 100 आरएस त्या काळातली सगळ्यात ताकदवान बाईक नव्हती. जपानी बाईक तिला सरळ रेषेत मागे टाकत. पण दिवसभर वेगात जाऊन संध्याकाळी माणूस धड अवस्थेत उतरायचा. स्पोर्ट टूररची व्याख्या मला इथेच सापडली. वळणावर मजा देणारी, आणि सहाशे किलोमीटरनंतर जेवताना हात स्थिर ठेवणारी.

आणि मुख्य मुद्दा हा की दोन्ही बाईक आपापल्या रस्त्याला दिलेलं उत्तर होत्या. 88 च्या रस्त्यावर गोल्ड विंग वाढली, 130 च्या रस्त्यावर आरएस. कायदा बदला, बाईक बदलते.

बदनामीतून आलेली व्हीएफआर

ऐंशीच्या दशकात होंडाने व्ही-4 इंजिनावर मोठा डाव लावला. 1983 ची व्हीएफ 750 एफ वेगवान होती, पण तिच्या कॅमशाफ्टची झीज व्हायला लागली. टिकाऊपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची पार शोभा झाली.

आपण प्रोडक्शनमध्ये मोठा बग गेला की पुढच्या रिलीजमध्ये काय करतो? गरजेपेक्षा जास्त टेस्टिंग. होंडाने तेच केलं. 1986 मध्ये व्हीएफआर 750 एफ आली, त्यात कॅमशाफ्ट चालवायला चेनच्या जागी गिअर होते. महाग, जड, पण दणकट. हे इंजिन वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालत राहिलं. 1990 ची आवृत्ती आली आणि पुढची कित्येक वर्षं मासिकांमध्ये "एकच बाईक ठेवायची असेल तर कुठली" या प्रश्नाला व्हीएफआर हे ठरलेलं उत्तर झालं.

मग तेच झालं जे चांगल्या सॉफ्टवेअरचं होतं. फीचर वाढत गेले. 1998 मध्ये 781 सीसी, 2002 मध्ये व्हीटेक, 2010 मध्ये थेट 1237 सीसीची व्हीएफआर 1200 एफ. बाकी कंपन्याही त्याच वाटेने. यामाहाची एफजेआर 1300, कावासाकीची 1400 जीटीआर. एकेक बाईक अडीच-तीनशे किलोची. घरासमोर लावताना माणसाचा घाम निघायचा. लांब जाणारे लोक हळूहळू उंच, सरळ बसायच्या ॲडव्हेंचर बाईककडे वळले आणि मोठा स्पोर्ट टूरर एकटा पडत गेला.

650 चा जन्म

पण खालच्या मजल्यावर वेगळंच काही शिजत होतं. 1998 मध्ये होंडाने डोव्हिल आणली, 647 सीसी, बॅगा बॉडीतच. दिसायला सरकारी नोकरासारखी, चालायलाही तशीच, रोज वेळेवर. 1999 मध्ये सुझुकीची एसव्ही 650 एस आली, हलकी आणि खोडकर. आणि 2006 च्या सुमारास कावासाकीची ईआर-6 आली. तिचं फेअरिंगवालं रूप म्हणजे ईआर-6 एफ, अमेरिकेत आणि पुढे आपल्याकडे निंजा 650 आर.

या इंजिनात चमकदार असं काही नव्हतं आणि तेच तिचं बळ होतं. 649 सीसी, दोन सिलिंडर शेजारीशेजारी, क्रँक 180 अंशांचा, सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली. गिअरबॉक्सचे शाफ्ट एकमेकांच्या जवळ रचून सगळं इंजिन आटोपशीर केलेलं. चार सिलिंडरपेक्षा भाग कमी, खर्च कमी, रुंदी कमी. ताकद? सत्तरच्या आसपास अश्वशक्ती.

आला ना तो आकडा परत? 1976 मध्ये जर्मनीतल्या श्रीमंत माणसाची जी ताकद होती, ती तीस वर्षांनी मध्यमवर्गीय माणसाच्या पार्किंगमध्ये आली. आणि लांब पल्ल्याला माणसाला त्याहून जास्त लागत नाही, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

पुढचा धक्का परत कायद्याने दिला. जानेवारी 2013 पासून युरोपात नवीन लायसन्सचे नियम आले. मधल्या दर्जाच्या लायसन्सवर 35 किलोवॅटची मर्यादा, म्हणजे सुमारे 47 अश्वशक्ती. लगेच होंडाने 471 सीसीच्या तीन बाईक काढल्या, बरोबर त्या रेषेच्या आत. आपल्या रॉयल एनफिल्डची 2018 ची इंटरसेप्टर 650 बघा. 648 सीसी असून 47 अश्वशक्ती. तो आकडाही या रेषेत बसतो. जपानमध्ये 1975 पासून लायसन्सची रेष 400 सीसीवर आहे, म्हणून तिथे 400 च्या एकाहून एक बाईक झाल्या.

प्रत्येक देश कुठंतरी एक रेष ओढतो. बाईक त्या रेषेला टेकून उभी राहते.

आपली रेष कुठं आहे?

आता आपल्या घरी येऊ.

माझ्या पप्पांची पहिली बाईक केबी 100. पुण्याच्या बजाजने कावासाकीच्या तंत्रावर 1986 पासून बनवलेली. कोल्हापूर ते पुणे ते त्यावर एकदाच आले, आणि त्यानंतर त्यांचं मत ठाम झालं, "लांब जायचं तर एसटी आहे की." तेव्हाच्या रस्त्यावर ते बरोबरच होतं. एकपदरी रस्ता, समोरून ट्रक, प्रत्येक ओव्हरटेक म्हणजे नवस.

रस्ते बदलले ते सुवर्ण चतुष्कोनाने. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा 5,846 किलोमीटरचा चौपदरी रस्ता. आमचा पुणे-सातारा-कोल्हापूर त्याचाच तुकडा. आणि रस्ता आला तशी बाईकही आली. 2003 मध्ये हिरो होंडाची करिझ्मा, 223 सीसी, अर्ध फेअरिंग, बसायला आरामशीर. कुणी तिला स्पोर्ट टूरर म्हटलं नाही, पण लडाखला जाणाऱ्या एका अख्ख्या पिढीने ते काम तिच्याकडून करून घेतलं. 2011 मध्ये बजाजने निंजा 650 आर विकायला आणली, साडेचार लाखांच्या आसपास. दोन सिलिंडरची खरीखुरी मिड-साइज टूरर नोकरदार माणसाच्या स्वप्नात तेव्हा आली. 2017 मध्ये बजाज आणि कावासाकीची भागीदारी संपली, पण ते 649 सीसीचं इंजिन राहिलं.

आता आपल्या रेषा मोजा.

पहिली रेष, रस्त्याची. महाराष्ट्रातला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, मुंबईचा अटल सेतू. या तिन्हीवर दुचाकीला बंदी. ऑटोबानसारखे म्हणावेत असे आपले रस्ते आपल्याला बंदच आहेत.

दुसरी रेष, वेगाची. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला कमाल ताशी 80.

तिसरी रेष, कराची. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा 350 सीसीच्या वरच्या बाईकवर 28 टक्के आणि वर 3 टक्के सेस होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंत 18 टक्के आणि त्यावर 40 टक्के. बाईकची मूळ किंमत 5 लाख धरली तर आधी 6 लाख 55 हजार व्हायचे, आता 7 लाख. रोड टॅक्स आणि विमा वेगळा.

हे तीन आकडे लिहिले आणि मी स्प्रेडशीटकडे बघत बसलो. कारण मी यादी करत होतो जर्मनीची, आणि राहत होतो 1974 च्या अमेरिकेत. माझा कायदेशीर वेग 80, त्यांचा 88. त्या काळात अमेरिकन माणसाने जे शहाणपण दाखवलं तेच मला दाखवायला हवं होतं. टॉप स्पीडचा कॉलम मी डिलीट केला.

तुम्ही म्हणाल, 80 लाच जायचं तर एवढी मोठी बाईक कशाला? रास्त प्रश्न आहे, मीही आठवडाभर त्यावर अडकलो. उत्तर दोन भागांत.

एक, वारा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग बघितलीय? ती उगाच नाही उभी. समोरून ताशी 30 चा वारा असेल तर 80 वर चाललेल्या माणसाच्या छातीला तो 110 चा लागतो. दाब जवळपास दुप्पट. म्हणजे फेअरिंगचा उपयोग 80 ला पण आहे.

दोन, इंजिन. 80 वर जाताना लहान सिंगल सिलिंडर बरंच वर फिरत असतं आणि प्रत्येक स्फोट हँडलमधून मनगटात येतो. त्याच वेगाला 650 चं ट्विन निवांत असतं. घाटात ट्रक ओलांडायचा तर दोन गिअर खाली यावं लागत नाही. ताकद इथं पळण्यासाठी वापरायचीच नाही. ती शिल्लक ठेवायची, बँकेतल्या पैशासारखी.

मी काय केलं

स्प्रेडशीट बंद केली आणि तीन परीक्षा ठरवल्या.

पहिली, चहाच्या ग्लासाची. शोरूमची दहा मिनिटांची चक्कर काही सांगत नाही. ओळखीतल्या लोकांकडून बाईक मागून घेतल्या, पेट्रोल माझं, आणि प्रत्येकीवर किमान दोन तास. उतरल्यावर चहाचा ग्लास हातात धरायचा आणि बघायचं. एक देखणी फुल फेअरिंगवाली बाईक इथेच बाद झाली. हँडल इतकं खाली की खंबाटकी चढेपर्यंत मनगटं बोलायला लागली. एक उंच ॲडव्हेंचर बाईक ग्लासात पास झाली, पण दुसऱ्या परीक्षेत आपटली.

दुसरी परीक्षा, पार्किंगची. इंजिन बंद, बिल्डिंगच्या बेसमेंटचा उतार, बाईक ढकलत मागे घ्यायची. दोनशे किलोची बाईक रस्त्यावर वजन दाखवत नाही, पार्किंगमध्ये दाखवते. माझी उंची पाच फूट सहा इंच. त्या उंच बाईकवर माझे फक्त अंगठे टेकत होते.

तिसरी परीक्षा, मागच्या सीटची. आईला बसवलं. तिने पाच मिनिटांत निकाल दिला, "ही गादी नाय, फळी आहे." तिच्या एका वाक्याने दोन बाईक यादीतून गेल्या.

शिवाय एबीएस हवंच होतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन बाईकना ते सक्तीचं आहे, म्हणून जुनी घेताना वर्ष नीट बघा. आणि सर्व्हिस सेंटर माझ्या नेहमीच्या रस्त्यावर असावं. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. रस्त्यात बंद पडल्यावर त्याच तेवढ्या महत्त्वाच्या वाटतात.

शेवटी उरली एक सहा वर्षं जुनी 650 ट्विन. फेअरिंग आहे, हँडल उंच आहे, 15 लिटरची टाकी आहे. नवीन घेतली नाही कारण 40 टक्क्यांचं गणित मला पेलत नव्हतं. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाने जुनी गाडी घेतली तर त्यावर जीएसटी नाही. जे पैसे वाचले त्यातले काही नवीन टायर, ब्रेक पॅड आणि चांगल्या जॅकेटवर घातले.

सगळं गोड नाही, तेही सांगतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती पायाला चटके देते. रोजच्या ऑफिसला मी जुनीच बाईक नेतो, ती विकली नाही. आणि तुमची महिन्याची धाव जर दोनशे किलोमीटरची पण नसेल, तर माझं प्रामाणिक मत, अपग्रेड करू नका. चांगली सीट आणि एक विंडस्क्रीन बसवा. अमेरिकन लोकांनी तेच केलं होतं, आणि कंपन्यांना शहाणं केलं होतं.

आणखी एक. त्या रात्री चूक बाईकची नव्हती. आठ तास काम करून, न जेवता, अंधारात अडीचशे किलोमीटर निघालो होतो. चांगली बाईक थकवा कमी करते, पण त्याच भरवशावर माणूस न थांबता आणखी पुढं जातो. म्हणून आता नियम केलाय. शुक्रवारी रात्री निघायचं नाही, शनिवारी पहाटे निघायचं. साताऱ्यात नाश्ता, पेठ नाक्यावर चहा.

गेल्या शनिवारी तिथे थांबलो. तेच काका. ग्लास घेतला, हात स्थिर होता. म्हटलं, आता काका काहीतरी बोलतील. त्यांनी बाईकभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात ठेवला आणि विचारलं,

"किती देते?"

"बावीस-तेवीस."

"मग काय उपेग?" म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तर मंडळी, तुमची बाईक तुम्हाला किती दमवते, हे या आठवड्यात एकदा मोजून बघा. ग्लास टेस्ट करा आणि व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. तोवर सावकाश जा, आणि उसाच्या ट्रॉल्यांकडे लक्ष ठेवा. हंगाम अजून संपलेला नाही.